नव्याने बांधलेली जुनी राजदूत बंद पडायलीय? इंजिन परत खोलायच्या आधी हे बघा

सिलिंडरचा बोअर झाला, पिस्टन नवं टाकलं, क्रँकचे बेअरिंग आणि सील बदलले, टाकीला रंग मारला, आणि पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी बोलली की घरातले सगळे अंगणात येतात. मग चौथ्या दिवशी तीच गाडी अंबड रोडला एखाद्या लिंबाखाली उभी राहते आणि जो तो सांगायला लागतो, इंजिन परत खोला. नका खोलू. मी वडिलांची राजदूत 175 जालन्यात बांधून घेतली, आणि पहिल्या 500 किलोमीटरात जे जे दुखणं निघालं ते जवळपास सगळं इंजिनाच्या बाहेर होतं. खाली राजदूत धरून सांगतोय, पण येझदी किंवा आरएक्स 100 असली तरी रीत हीच.

सुरुवातीला एक नियम करून घ्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची. प्लग, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक), पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा भाग) एकाच संध्याकाळी बदलले तर गाडी सुधारली का बिघडली आणि कशाने, हे काहीच कळत नाही.

आधी अर्थिंग बघा. पावडर कोटिंग केलेल्या फ्रेमवर हे हमखास होतं, रंग करंट जाऊ देत नाही आणि कॉइल (प्लगला जोराचा करंट देणारी) ज्या बोल्टवर बसते तिथेच रंगाचा जाड थर असतो. माझा हॉर्न घोगरा वाजायचा, हेडलाइट पिवळा, आणि किक मारून मारून पाय दुखायचा. कॉइलच्या बोल्टखालचा आणि अर्थ वायरच्या जागेचा रंग पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, थोडं ग्रीस लावून घट्ट केलं, निम्मा त्रास तिथंच संपला.

आता सगळ्यात जास्त छळणारी तक्रार. गाडी दहा-पंधरा किलोमीटर मस्त चालते, गरम झाली की बंद, अर्धा तास सावलीत थांबलं की परत चालू. आपल्याकडच्या 42 डिग्रीच्या उन्हात तर हे लवकरच होतं. इथं करंट गेला का पेट्रोल गेलं हे ठरवायचंय, आणि ते गाडी थंड व्हायच्या आतच ठरवावं लागतं, म्हणून पाना आणि एक चांगला प्लग खिशातच ठेवा. बंद पडल्या पडल्या प्लग काढा (हाताला फडकं गुंडाळा, चांगलाच भाजतो), दुसरा प्लग कॅपमधे घालून त्याची बॉडी हेडच्या पंखाला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते, आणि किक मारा. निळी कडक ठिणगी दिसली तर करंट ठीक. पिवळसर, मरतुकडी दिसली किंवा दिसलीच नाही तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) नाहीतर कॉइल. आधी कंडेन्सर बदला, स्वस्त असतो आणि जास्त वेळा तोच गेलेला असतो. गेलेल्या कंडेन्सरची खूण म्हणजे पॉइंटवर सारखी ठिणगी उडते आणि पॉइंटची तोंडं जळून काळी पडतात. नवीन पॉइंटवर तेलाचा पातळ थर असतो, कोरं पोस्टकार्ड मधे धरून ओढलं की निघतो. पॉइंटची गॅप फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने) साधारण 0.4 मिमी.

ठिणगी चांगली आहे आणि काढलेला प्लग कोरडा आहे, मग पेट्रोल पोचत नाहीये. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) उघडा आणि पूर्ण मिनिटभर बघा. धार सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत गेली तर टाकीचं झाकण उघडा, सूं आवाज येऊन धार परत वाढली म्हणजे झाकणाचं हवेचं भोक रंगाने बुजलंय, सुईने मोकळं करा. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली तर टाकीतला गंज कॉकच्या जाळीवर बसलाय. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबर फुगतात आणि ते पाणीही ओढतं, म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा.

आता हवेची गळती, इथं मात्र जपा, कारण नवं पिस्टन यानेच जाम होतं. एक्सिलेटर सोडला तरी आयडल खाली येत नाही, गाडी स्वतःच रेस होते, प्लग पांढरा फटक. कुठूनतरी फालतू हवा शिरतेय, मिश्रण पातळ झालंय. अशी गाडी पुढं पळवू नका.

आधी थंड गाडी चालू करून कार्बोरेटरच्या जोडावर साबणाचं पाणी फवारा, आवाज बदलला तर पॅकिंग तिथंच गेलंय. नाहीतर प्रेशर टेस्ट. घरातलं जुनं घड्याळवालं बीपी मशीन याला छान चालतं, त्याचा काटा 300 पर्यंत जातो म्हणजे जवळपास 6 पीएसआय, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे, त्याच्यावर जाऊच नका. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून भोकात नळी एम-सीलने बसवा. पिस्टन तळाला आणा, सायलेन्सरचं आणि कार्बोरेटरचं तोंड सायकल ट्यूबचं रबर लावून बंद करा, नळीला बीपी मशीनचा हवा भरायचा फुगा जोडून 300 पर्यंत भरा आणि घड्याळ लावा. सहा मिनिटात 50 च्या आत उतरलं तर इंजिन बंदिस्त आहे. जास्त उतरलं तर ब्रशने साबणाचा फेस हेडखाली, सिलिंडरच्या बुडाला, मॅग्नेटच्या मागे सीलपाशी लावत जा. गिअर ऑइल भरायच्या भोकावरही लावा, तिथं बुडबुडा आला तर क्लचकडचं सील गेलंय, आणि मग गाडी गिअर ऑइल पिऊन पांढरा धूर सोडते. इंजिन खोलायचं खरं कारण म्हणजे ही सीलं. बांधून झाल्यावर पहिले काही किलोमीटर धूर निघणारच, सायलेन्सरमधलं जुनं तेल जळतं, त्याला घाबरू नका. गिअर ऑइलची लेव्हल कमी व्हायला लागली तर मात्र बघा.

गळती नाही याची खात्री झाल्यावरच जेटिंगला, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण जुळवायला, हात लावा. प्लगचा रंग दुधाच्या चहासारखा पाहिजे. काळा ओला असेल तर कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच वर, पांढरा असेल तर एक खाच खाली. रनिंगमधे, म्हणजे नवं इंजिन बसेपर्यंत, मी थोडा गडद रंगच ठेवतो.

तेल लिटरला 40 मिली, डोळ्याच्या अंदाजाने नाही, मापाने. आणि कन्नडच्या घाटात उतरताना एक्सिलेटर पूर्ण बंद करून गिअरमधे गाडी सोडू नका, पेट्रोलमधे तेल मिसळायच्या टू-स्ट्रोकमधे तेल पेट्रोलसोबतच येतं, एक्सिलेटर बंद म्हणजे पिस्टनला तेल बंद. क्लच दाबा किंवा मधे मधे थोडी रेस द्या.

पहिल्या 100 किलोमीटरला इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा, इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट बघा, सायलेन्सरचा नट बघा. आणि दोन्ही चाकांच्या तारांना पान्याने टिचकी मारत जा, ज्या तारेचा आवाज बद्द येईल ती ढिली झालीय, माझ्या मागच्या चाकात अशा चार निघाल्या.