लहान मुलांसोबत घरी योगासने कशी करावीत : आधी उच्छ्वास, मग आसन

चार ते आठ वर्षांच्या मुलांसोबत घरी योगासने सुरू करायची असतील, तर पहिले काही आठवडे दहा मिनिटेच पुरेशी मानावीत. जेवण झाल्यावर तीन तास आणि दूध प्यायल्यावर निदान तासभर जाऊ द्यावा. रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा बेत असेल, त्या घराने सकाळचीच वेळ धरावी. गुळगुळीत फरशीवर नुसती चादर सरकते, म्हणून जाड सतरंजी किंवा रबरी मॅट घ्यावी.

कोल्हापुरातील अनेक घरांत आजोबांनी तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढलेल्या असतात, आणि नातवंडांनीही तशाच आकड्यांवर आसने करावीत असे त्यांना मनापासून वाटते. तालमीच्या शिस्तीविषयी मला आदर आहे. मात्र पाच वर्षांच्या मुलाला आकडा ऐकू आला की त्याचे सारे लक्ष आकडा गाठण्याकडे लागते आणि शरीराकडे राहत नाही. म्हणून मोठ्यांनी समोर उभे राहून हुकूम देऊ नयेत, तर मुलांसह गोल करून स्वतः आसने करावीत. आजींचे गुडघे दुखत असतील, तर त्यांनी खुर्चीवर बसून केवळ हातांच्या हालचाली केल्या तरी चालते. त्यांची जागा मात्र गोलातच असावी.

आरंभी ताडासन (हात वर ताणून ताठ उभे राहणे), वृक्षासन (एका पायावर तोल सांभाळणे), मार्जारासन (मांजरासारखे हात-गुडघे टेकून पाठ वर-खाली करणे) आणि भुजंगासन (पालथे झोपून छाती उचलणे) एवढी चारच आसने घ्यावीत. वृक्षासन भिंतीजवळ करावे, आणि वर उचललेले पाऊल गुडघ्यावर न टेकवता पोटरीला किंवा मांडीला लावावे. आसन मूल जमेल तेवढेच करील. त्याची पाठ दाबून त्याला अधिक वाकवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

खरी कसोटी श्वासाची आहे, आणि मलाही याच टप्प्यावर सर्वांत अधिक वेळ द्यावा लागला. बहुतेक मोठी माणसे मुलाला ‘दीर्घ श्वास घे’ असे सांगतात. ते ऐकताच मूल खांदे कानांपर्यंत उचलते, पोट आत ओढते, छाती फुगवते आणि श्वास कोंडून ठेवते. वास्तविक श्वास आत येताना छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा खाली सरकतो आणि पोट वर येते. म्हणजे सूचनेमुळे मूल नेमके उलटे करते. ‘पोट फुगव’ असे सांगितले, तर ते श्वासाशिवाय पोटच पुढे काढते. माझे ठाम मत आहे की लहान मुलाला श्वास घ्यायला शिकवूच नये, सोडायला शिकवावे. उच्छ्वास पूर्ण झाला की पुढचा श्वास आपोआप आणि पुरेसा खोल येतो.

त्यासाठी मुलाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर कागदाची पातळ पट्टी धरावी आणि ती हळूहळू, सारखी हलत राहील अशी फुंकर घालायला सांगावे. जोराची फुंकर आली तर न रागावता पट्टी थोडी जवळ आणावी. हे जमू लागल्यावर भ्रामरी घ्यावी, कारण भुंग्यासारखा गुंजारव करताना उच्छ्वास आपसूकच लांबतो आणि मुलांना त्याचा कंटाळा येत नाही. घरातल्या सर्वांनी एकत्र गुंजारव करावा, पण कोणाचा आवाज अधिक वेळ टिकला याची स्पर्धा लावू नये. स्पर्धा आली की मूल पुन्हा श्वास ओढून धरू लागते. त्यानंतर मुलाला उताणे निजवून पोटावर हलके कापडी खेळणे ठेवावे आणि ते वर-खाली होताना मुलाने नुसते पाहावे. या वेळी मोठ्यांनी एकही सूचना देऊ नये, कारण ‘असे नाही, तसे’ हे शब्द कानी पडताच मुलाचा श्वास बदलतो.

लहान मुलांना कपालभाती, भस्त्रिका हे जोरजोरात श्वासोच्छ्वास करण्याचे प्रकार आणि श्वास रोखून धरण्याचे प्रकार शिकवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. मुलाला दमा, झटके किंवा हृदयाचा विकार असल्यास आसनांसाठीही आधी डॉक्टरांना विचारावे.

शेवटी दोन मिनिटे शवासन करावे, म्हणजे उताणे, सैल आणि शांत पडून राहावे. डोळे मिटण्याची सक्ती नको.

पावसाळ्यात, रंकाळा तलावावरचे फिरणे बंद पडल्यावर, अनेक घरे उत्साहाने थेट सूर्यनमस्कारांना हात घालतात. त्यात बारा स्थिती आणि प्रत्येक स्थितीला श्वासाचा नियम असल्यामुळे एवढ्या लहान मुलाचा गोंधळ होतो. मूल आठ वर्षांच्या आसपासचे झाले आणि वाकताना कोणी न सांगता श्वास सोडू लागले, की सूर्यनमस्कार सुरू करावेत. तेव्हाही पहिल्या आठवड्यात दोन-तीनच घालावेत.