पहिली बाईक घेताय? नागपुरात या चुका टाळा

मागच्या दसऱ्याला माझ्या भाच्याने पहिली गाडी घेतली. दोनशे सीसीची, रुंद टाकी, उंच सीट, शोरूममधून निघून सरळ टेकडी गणपतीला नेली, हार घातला, नारळ फोडला, लिंबं चाकाखाली घेतली, सगळं व्यवस्थित. तिथून मानेवाड्याला घरी येताना एका सिग्नलवर ऑटो मधात घुसला म्हणून हा थोडा डावीकडे सरकला आणि थांबताना डावा पाय खाली सोडला तर खाली रस्ताच नाही, म्हणजे सिमेंट रोड तिथे संपला होता आणि बाजूची मुरमाची पट्टी वीतभर खाली होती. पोट्टा पाच फूट चार इंचाचा, सपाट रस्त्यावरच त्याच्या बुटाची फक्त टोकं टेकायची, तिथे वीतभर खाली पाय पुरणार कसा. दीडशे किलोच्या वरची गाडी एकदा कलली की कोणी अडवू शकत नाही, हळूहळू पडते आणि आपण नुसतं पाहत राहतो. क्लचचा लिव्हर तुटला, इंडिकेटर गेला, टाकीला पोचा आला, घोटा मुरगळला तो वेगळा. हार अजून ताजा होता हो.

घरी येऊन म्हणे, "मामा, पायच पुरला नाही ना."

हे इतक्या डिटेलमध्ये यासाठी सांगतोय की पहिल्या गाडीच्या बाबतीत मला जो कोणी विचारतो तो सीसी विचारतो, ॲव्हरेज विचारतो, पिकअप विचारतो, पण आपला पाय कुठे टेकतो हे कोणीच विचारत नाही. आणि आपल्या नागपुरात तर हे सगळ्यात आधी पाहिजे कारण सिमेंटचे रोड उंच झाले आणि बाजू खालीच राहिल्या, आपण थांबतो डाव्या कडेला आणि टेकतोही डावा पाय.

सीट आणि वजन आधी, सीसी नंतर

कंपनीच्या पत्रकात सीटची उंची आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं, फक्त ते कोणी वाचत नाही. स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलिमीटर आणि वजन ११२ किलो. होंडा शाईन १०० ची ७८६ मिलिमीटर, वजन ९९ किलो. टीव्हीएस रेडर १२५ ची ७८० आणि १२३ किलो. आता रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० पाहा, सीट ८०५ म्हणजे फक्त दोन सेंटीमीटर जास्त, पण वजन १९५ किलो. शाईन १०० च्या जवळपास दुप्पट गाडी तुम्ही पहिल्याच दिवशी एका पायावर तोलणार आहात, तेही बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय बाहेरून खाली येतो, मग कमी उंचीची गाडीसुद्धा उंच वाटते. म्हणून बसूनच पाहायचं, आणि शोरूमच्या टाईल्सवर नाही तर बाहेर, उतारावर. रोज जी चप्पल किंवा बूट घालता तेच घालून जा. गाडीवर बसून पायाने मागे ढकला, कारण रोजच्या पार्किंगमध्ये हेच करायचं आहे. मेन स्टँडवर चढवून पाहा, उतरवून पाहा. सेल्समन घाई करेल, करू द्या. दोन्ही पायांचे पुढचे पंजे पूर्ण टेकले पाहिजेत किंवा एक पाय टाचेसकट टेकला पाहिजे, एवढं झालं की मग पुढचं बोलणं.

भाच्याची गाडी आम्ही दोन महिन्यात विकली, चांगलं नुकसान सोसून, आणि १२५ ची घेतली.

हायवेचं स्वप्न धरून गाडी घेणे

"वीकेंडला रामटेक, पेंच, कधी पचमढी, मग शंभर सीसी कशी चालेल?" हा प्रश्न बरोबर आहे पण तो वर्षातल्या दहा दिवसांचा आहे. बाकीचे दिवस काय करता ते मोजा. मानेवाड्यावरून हिंगणा रोडच्या कॉलेजला, किंवा बेसावरून धरमपेठेत क्लासला, म्हणजे सिग्नल, स्पीड ब्रेकर, गायी, परत सिग्नल. या कामाला शंभर-सव्वाशेचं इंजिन उत्तम, कारण ते खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाही, शांतपणे ओढतं, क्लच हलका असतो, नवशिक्याने थोडा चुकीचा सोडला तरी गाडी उडी मारत नाही.

उलटंही खरं आहे, ते पण सांगतो. तुम्ही रोज हायवेने बुटीबोरी एमआयडीसीला अप-डाऊन करणार असाल तर शंभर सीसी घेऊ नका. आठ हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन साठच्या वर गेलं की ओरडायला लागतं, बाजूने ट्रक गेला की हलकी गाडी हलते आणि ओव्हरटेक करायला हातात काहीच उरत नाही. तिथे चांगली सव्वाशे किंवा दीडशे, समोर डिस्क ब्रेक, शक्यतो एबीएस. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस कंपल्सरी झालं आणि १२५ पर्यंतच्यांना निदान सीबीएस तरी असतंच. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस म्हणजे चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे हँडल वळवता येतं. दोन्हीत फरक आहे, सेल्समन एका वाक्यात गुंडाळतो म्हणून लक्षात ठेवा. आणि समृद्धीवर गाडी पळवायचं डोक्यात असेल तर तिथे टू व्हीलरला एंट्रीच नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. तेव्हापासून "आता स्वस्तच झाली तर डायरेक्ट थ्री फिफ्टी घेऊ" असं म्हणणारे बरेच भेटले. बाबांनो, स्प्लेंडरही त्याच हिशोबाने स्वस्त झाली ना. आणि किंमत कमी झाली, वजन थोडीच कमी झालं.

गियर कोणत्या बाजूने पडतात हे न पाहणे

ही चूक मी स्वतः केली आहे आणि यावर कोणी बोलतच नाही म्हणून थोडं लांबवतो. आपल्याकडे बहुतेक पोरं घरच्या जुन्या स्प्लेंडरवर शिकतात. तिच्यात न्यूट्रलमधून सगळे गियर पुढे दाबून पडतात, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे खाली, आणि कमी करायचे असतील तर टाचेने मागचा दाबायचा. पल्सर १५० सारख्या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे वर, पायाचा पंजा खालून घालून उचलायचे. कागदावर हा फरक एका ओळीचा आहे पण पायाला तो कळायला महिना लागतो.

मी वडिलांच्या गाडीवर शिकलो होतो आणि मित्राची गाडी घेऊन अजनी पुलावरून उतरत होतो, तिसऱ्या गियरमध्ये, पन्नासच्या आसपास. चौथा टाकायला सवयीने पंजा खाली दाबला. तो पडला दुसरा. इंजिन एकदम किंचाळलं, मागचं चाक घासत डावीउजवीकडे गेलं आणि मागून येणाऱ्या बसने हॉर्न दिला तो अजून कानात आहे. पडलो नाही, पण नंतर पुलाखाली गाडी लावून दहा मिनिटं नुसता बसून होतो, हात थरथरत होते. त्यामुळे ज्या गाडीवर शिकलात तिचा पॅटर्न आणि जी घेताय तिचा पॅटर्न वेगळा असेल तर पहिले आठ-दहा दिवस रस्त्यावर काढूच नका. मानेवाडा-बेसाकडे अजून रिकामे लेआउट आहेत, सकाळी सहाला जा, तिथे थांबा-निघा, थांबा-निघा, आठचा आकडा, यू टर्न, पुढचा ब्रेक हळू दाबायची सवय. पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचाच दाबणारे सगळ्यात जास्त घसरतात, विशेषतः जूनच्या पहिल्या पावसात, जेव्हा रस्त्यावरचं तेल आणि धूळ एक होते.

लायसन्स

घरात ॲक्टिव्हा होती म्हणून विदाउट गियरचं लायसन्स काढलं आणि त्यावरच बाईक चालवून राहिले, असे खूप जण आहेत. ते चालत नाही, गियरवाल्या गाडीचं वेगळं लिहिलेलं लागतं, नाहीतर चालान सोडा, ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सचा क्लेम अडकतो. लर्निंग सहा महिने चालतं, तीस दिवसांनी पक्क्यासाठी टेस्ट देता येते. आणि अठरा व्हायच्या आधी पोराच्या हाती गियरची गाडी दिली तर कायद्याने पालकावर २५ हजारांचा दंड आणि तुरुंगवासाची तरतूद आहे, हे आईवडिलांनी वाचावं.

सगळे पैसे गाडीतच घालणे

एक्स शोरूम किंमत पाहून बजेट ठरवू नका, ऑन रोडचा, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स धरून एकूण किमतीचा, कागद मागा आणि त्यातली प्रत्येक ओळ विचारा. नव्या टू व्हीलरला थर्ड पार्टी इन्शुरन्स पाच वर्षांचा घ्यावाच लागतो, तो बरोबर आहे. पण मला एका ठिकाणी हँडलिंग चार्जेस नावाची ओळ दिसली, विचारलं हे कशाचे, तर उत्तर नव्हतं, मग ते काढून टाकले. न विचारता भरणारे भरतातच. जे वाचेल त्यातून आयएसआय मार्कचं हेल्मेट घ्या, डोक्यावर घट्ट बसणारं, मागच्या सीटवाल्यासाठीही. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत डोकं भाजतं, कबूल, पण आतून पातळ सुती कापड किंवा दुपट्टा बांधा आणि वरून हेल्मेट. नुसता दुपट्टा बांधून लू अडते, रस्ता नाही.

गाडी आली, आता त्रास सुरू झाला

सिग्नलला गाडी बंद पडते, ही पहिली तक्रार. दहातल्या आठ वेळा गाडीत काहीच नसतं, आपण दुसऱ्या गियरमध्येच उभे असतो किंवा क्लच झटक्यात सोडतो. थांबताना खाली पहिल्यापर्यंत या, मग न्यूट्रल. न्यूट्रल पडत नसेल तर गाडी पूर्ण थांबायच्या आधी, हलकी चालू असतानाच टाकून पाहा, थांबल्यावर अडतो. तरी अडत असेल तर क्लच केबलचा प्ले तपासा. लिव्हरला टोकाशी एक-दीड सेंटीमीटर ढिल पाहिजे, जास्त ढिला असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि न्यूट्रल अडतो, एकदम टाईट असेल तर क्लचची प्लेट सतत घासत राहते.

जळका वास येतो? व्हरायटी चौकात नव्वद सेकंदांचा सिग्नल आणि तुम्ही पहिला गियर टाकून क्लच अर्धा दाबून उभे. हाफ क्लच. प्लेट नवी असो की जुनी, ती अशीच जळते. न्यूट्रल करा, लांब सिग्नल असेल तर इंजिनच बंद करा.

सकाळी स्टार्ट होत नाही म्हणून मिस्त्रीला फोन लावायच्या आधी दोन गोष्टी पाहा. इंजिन बंद करायचा हँडलवरचा लाल किल स्विच ऑफ आहे का, आणि साईड स्टँड खाली आहे का, कारण नव्या गाड्यांमध्ये साईड स्टँड खाली असला तर गियर टाकला की इंजिन बंद होतं, काहींमध्ये स्टार्टच होत नाही. बीएस सिक्सच्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, चावी फिरवली की पंपाचा बारीक आवाज येतो, तो थांबू द्या, मग सेल्फ मारा, रेस देऊ नका. आणि या गाड्या सारख्या रिझर्व्हवर चालवू नका, टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

ॲव्हरेज मिळत नाही ही तक्रार पहिल्या हजार किलोमीटरला करूच नका, इंजिन अजून बसायचं आहे. नंतरही मिळालं नाही तर आधी हवा तपासा. शंभर-सव्वाशेच्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ आणि मागे २८-२९ पीएसआय लागते, नेमका आकडा चेन कव्हरवर किंवा मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवर स्टिकरवर असतो. हवा सकाळी गाडी थंड असताना भरा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, दुपारी तापलेल्या टायरमध्ये मोजली तर आकडा जास्त येतो, मग पंपवाला कमी करून देतो आणि रात्री टायर बसलेला.

उन्हाळ्याचीच अजून एक गोष्ट. टाकी तोंडापर्यंत भरायची नाही. पेट्रोल गरम होऊन फुगतं, वर जागा नसेल तर बाहेर येतं, आणि बीएस सिक्सच्या गाड्यांमध्ये वाफ शोषणारा जो कॅनिस्टर असतो त्यात पेट्रोल गेलं की तो कामातून जातो, मग गाडी झटके मारते आणि कोणाला कारण सापडत नाही. पंपावर पहिला क्लिक झाला की बास म्हणा.

चेनचा खडखड आवाज आला की फक्त टाईट करून देणारे खूप आहेत. आधी मधोमध बोटाने वरखाली करून पाहा, साधारण दोन ते तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. जास्त टाईट केली की आवाज बंद होतो पण चेन बेअरिंग आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) खाते. सिमेंटच्या धुळीत चेन लवकर सुकते, पाचशे किलोमीटरला एकदा केरोसिन नाहीतर डिझेलने पुसून चेन ल्यूब मारा, मागचं चाक हाताने फिरवत, इंजिन बंद ठेवूनच. गाडी मेन स्टँडवर चालू ठेवून चेन पुसताना बोट गेलेला एक मिस्त्री मी पाहिलाय.