एमपीथ्रीचा आवाज सुधारायला निघालात? आधी या चुका टाळा

घरी नवे स्पीकर आले की पंधरा दिवसांत फोन येतो, "अहो, एवढे पैसे घातले आणि गाणी आधीपेक्षा वाईट वाजतात." स्पीकर बहुतेक वेळा चांगलेच असतात. मोबाइलच्या टिचभर स्पीकरवर जे झाकलं जायचं ते आता ऐकू यायला लागलेलं असतं. मग माणूस घाईला येतो, आणि घाईत केलेल्या उपायांनी मूळचं होतं तेही बिघडतं.

१२८ केबीपीएसची फाइल ३२० करणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण तिचं नुकसान भरून येत नाही.

सीडीवर दर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते. १२८ केबीपीएसच्या (दर सेकंदाला किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) एमपीथ्रीत तिचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. मोठ्या आवाजाच्या आड बारीक आवाज कानाला कळत नाही, या आधारावर एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम, बाकीचं टाकून देतो. साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं तर बहुतेक वेळा सरसकट कापतो. टाकलेलं फाइलमध्ये कुठेही शिल्लक नसतं. तीच फाइल ३२० ला बदलली की उरलेल्यातूनच पुन्हा एकदा गाळणी होते. फाइल अडीचपट फुगते आणि आवाज आणखी एक पायरी उतरतो. फ्लॅकमध्ये (काहीही न टाकता दाबणारा फाइलचा प्रकार) बदलली तर निदान नवं नुकसान होत नाही, पण सुधारणाही शून्य.

ओळखीच्या एका काकांकडे त्यांच्या गावच्या भजनी मंडळाच्या कॅसेट होत्या, काहींत त्यांच्या वडिलांचा आवाज. २००७ च्या सुमारास त्यांनी त्या संगणकावर घेतल्या, १२८ लाच. तेव्हा हार्ड डिस्क लहान असायच्या, सगळेच तसं करायचे. दोन वर्षांपूर्वी नवा अँप्लिफायर आला तेव्हा भाच्याने एका रात्रीत साडेतीनशे भजनं ३२० करून टाकली आणि "आता जुन्या कशाला" म्हणून मूळ फाइली पुसल्या.

मी गेलो तेव्हा काका एवढंच म्हणाले, "टाळ ऐक रे जरा." टाळ होते कुठे! त्यांच्या जागी बादलीत वाळू ढवळल्यासारखा ओला, फिरता आवाज. पखवाजाची थाप पडायच्या किंचित आधीच तिची फुसफुस ऐकू येत होती. टाळ, झांजा, श्रोत्यांच्या टाळ्या, तबल्याची चाट, म्हणजे ज्यात वरच्या पट्टीचं भरपूर आहे आणि आघात तीक्ष्ण आहे, तिथे कमी बिटरेट पहिल्यांदा उघडा पडतो. दोनदा दाबलेली फाइल तर तिथे लपूच शकत नाही.

माळ्यावरून ट्रंक काढली. पुढचे चार रविवार आम्ही कॅसेट डेकसमोर बसलो होतो. दर दोन कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. मग हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत राहायचं, टाळांचा झणकार मोकळा होईपर्यंत. तो नेमका कुठे होतो ते कानालाच कळतं, आणि कॅसेट वेगवेगळ्या मशीनवर भरलेल्या असल्यामुळे प्रत्येकीला हे नव्याने करावं लागतं. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटला न दाबलेली वेव्ह फाइल घेतली, तिची फ्लॅक केली. एका कॅसेटला बुरशी लागली होती, दोन सापडल्याच नाहीत.

तेव्हापासून कोणाकडेही गेलो की पहिलं काम ठरलेलं : "मूळ" नावाचा फोल्डर करायचा, त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवायची, त्यातलं काही पुसायचं नाही. चांगला आवाज हवा असेल तर चांगला मूळ स्रोत शोधा. घरातल्या सीडी पुन्हा फ्लॅकमध्ये उतरवा, गाणं लॉसलेसमध्ये, म्हणजे काहीही न गाळता, विकत मिळत असेल तर घ्या. यूट्यूबवरून "३२०" काढून देणाऱ्या साइटींवर भरवसा ठेवू नका, तिथला मूळ आवाजच साधारण १२८ ते १६० च्या घरातला असतो.

शंका असेल तर फाइल स्पेक या फुकट प्रोग्राममध्ये उघडा, तो आवाजातल्या खालच्या-वरच्या पट्ट्यांचं रंगीत चित्र दाखवतो. "३२०" लिहिलेल्या फाइलचा रंग १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा थांबत असेल तर ती बहुधा फुगवलेली आहे. मात्र जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेल्या गाण्यांना ही परीक्षा लावू नका. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांत मुळातच तेवढं वरचं काही नाही.

इक्वलायझरचे सगळे दांडे वर

डिजिटल आवाजाला शून्य डेसिबलचं छत असतं. आजकालची गाणी आधीच त्या छताला टेकलेली असतात. त्यावर इक्वलायझरने (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करायचं साधन) बेस, म्हणजे खालची पट्टी, सहा डेसिबलने वाढवला की लाटेचं टोक छाटलं जातं आणि आवाज फाटतो. मग लोक म्हणतात, एमपीथ्रीच खराब. मी आधी प्रीअँप (इक्वलायझरमधला एकूण आवाजाचा दांडा) सहा डेसिबल खाली घेतो, मगच कशाला हात लावतो. आवाज घुमत असेल तर २०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करतो, बस्स. १२८ च्या फाइलला ट्रेबल, म्हणजे वरची पट्टी, वाढवणं तर साफ चूक आहे. गेलेली झळाळी त्याने येत नाही, राहिलेली खरखर तेवढी वर येते. मी उलट ट्रेबल किंचित उतरवतो.

घाईत तुलना करू नका. दोन सेटिंगांत जे जरा मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. दोन्हींचा आवाज सारखा करा, तेच गाणं दोनदा ऐका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐका. नव्याने या छंदात आलेल्यांना हे पटत नाही. त्यांना दहा मिनिटांत निकाल हवा असतो.

बाकीच्या, थोडक्यात

ब्लूटूथवर आवाज वाटेत पुन्हा एकदा दाबला जातो. साध्या एसबीसी कोडेकला (ब्लूटूथवर आवाज दाबायची नेहमीची पद्धत) चांगल्यात चांगला दर ३२८ केबीपीएसच्या आसपास मिळतो. अँप्लिफायरला यूएसबी असेल तर गाणी पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर वायर लावा.

स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये वायफाय आणि मोबाइल डेटा यांचा दर्जा वेगवेगळा ठरवावा लागतो. दोन्ही बघा, डेटा सेव्हर बंद करा.

बेस गायब आणि गायक खोलीत नेमका कुठे उभा आहे ते कळत नाही? एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट लागल्यात. एकाच बाजूच्या अदलाबदल करून बघा.

स्पीकर शोकेसमध्ये कोंबू नका, कपाटावर तर नकोच. ट्वीटर (वरच्या पट्टीचा आवाज देणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला हवा.

"हॉल", "स्टेडियम" असले मोड बंद.

वेगवेगळ्या अल्बमचे आवाज वर-खाली होत असतील तर गाणी पुन्हा एन्कोड करू नका, रिप्लेगेन वापरा. ते फाइलमध्ये फक्त किती मोठ्याने वाजवायचं याची नोंद (टॅग) लिहितं, आवाजाला हात लावत नाही.

काकांच्या त्या तीन कॅसेटमधली भजनं आता दोनदा दाबलेल्या फाइलींतच उरलीत. त्यांना आम्ही पुढे काहीच केलं नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, वाजवताना ट्रेबल दोन डेसिबल खाली. टाळ अजूनही ओलेच वाजतात, पण वडिलांचा आवाज मधल्या पट्टीत आहे, तो बराचसा शाबूत राहिलाय. काका एकादशीला तीच लावतात.