रट्टा न मारता सांधे कसे लक्षात ठेवायचे

भाच्याचा पेपर दुसऱ्या दिवशी आणि हा बिजागरी, उखळ, खुंटी सगळं मिक्स करत बसलेला, मग मी पुस्तक मिटवलं आणि त्याला चुलीपाशी नेऊन बसवलं, मोठी माय खापरावरचे मांडे करत होती ना. म्हटलं हिचे हात बघ.

मांडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ती मोठा करते तेव्हा तळवा वर-खाली होतो, आणि सगळ्यांना वाटतं कोपर फिरलं. नाही! कोपर टेबलावर टेकवा, हलू देऊ नका, आता तळवा उलटासुलटा करा. फिरतंय ते अंगठ्याकडचं हाड, रेडियस, शेजारच्या अल्नाभोवती. हा खुंटीचा सांधा. मान हलवून "नाही" म्हणता तेव्हापण हाच, पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीवर फिरतो. कोपर स्वतः फक्त मिटतं-उघडतं, म्हणून बिजागरी. गुडघापण त्यातलाच, फक्त वाकवलेला असला की थोडा वळतो, त्यामुळे दाराइतकी पक्की बिजागरी नाही.

खांदा आणि खुबा उखळीचे. खुब्याची उखळ खोल, खांद्याची बशीसारखी उथळ, म्हणून खांदा जास्त फिरतो आणि निखळतोपण लवकर.

अंगठ्याला सारंगखेड्याचा घोडेबाजार आठवा, दोन खोगिरं एकमेकांवर आडवी बसवल्यासारखा सांधा आहे तो, पण अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ. पोरं मधलं पेर दाखवतात, ती साधी बिजागरी आहे.

मणक्यांमध्ये गाद्या असतात, तिथं जराशीच हालचाल. कवटीच्या शिवणी मोठ्या माणसात हलतच नाहीत. तान्ह्या बाळाची टाळू म्हणजे तिथली हाडं अजून जुळायचीयेत, साधारण दीड वर्षापर्यंत भरते, दाबून बघू नका.

आता आतली रचना. आकृती काढण्याआधी रविवारी मटणवाल्याकडून पायाचा एक सांधा न तोडता मागून घ्या. बाहेरची पिशवी कापली की अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत निघतं, ते वंगण, सायनोव्हियल फ्लुइड. हाडाच्या टोकावर बोट फिरवा, काचेसारखं गुळगुळीत लागेल, ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात म्हणून झिजली की नीट भरून येत नाही, म्हाताऱ्यांचे गुडघे उगाच कुरकुरत नाहीत. हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा तो अस्थिबंध, आणि स्नायू हाडाला जोडते ती कंडरा, या दोघांची अदलाबदल केली की मार्क गेले.

बघून झालं की स्वच्छ धुवा आणि रश्श्यात टाका, पैसे मोजलेत.