गाडीचा रेडिओ रोज सगळं विसरतो? सेट बदलायच्या आधी पिवळी वायर बघा

आमच्या गाडीत हे तीन महिने चाललं होतं. इंदूरच्या लोकमान्य नगरातून निघायचं, चावी फिरवली की सेट चालू, आवाज छान, पण घड्याळ 12:00 वर आणि आईने सेव्ह केलेले सगळे स्टेशन गायब, मग ती बिचारी रोज विविध भारतीचं 101.6 नव्याने शोधणार. ज्यांच्याकडून सेट बसवला होता तिथे दाखवलं तर उत्तर मिळालं, "भिया, सेट की मेमोरी गई, नया डलवा लो." मी नवा घेतला नाही, स्वतः उघडून बघितलं आणि काम एका वायरच्या जागेवर निघालं. म्हणून नीट लिहितोय, कारण या कारणासाठी चांगले सेट भंगारात गेलेले मी पाहिलेत आणि ते मला खरंच बघवत नाही.

आधी हे समजून घ्या की सेटला प्लसच्या दोन वायर लागतात. पिवळी म्हणजे कायमचा करंट, गाडी बंद असली चावी खिशात असली तरी तिच्यात 12 व्होल्ट पाहिजेच, घड्याळ आणि सेव्ह केलेले स्टेशन तिच्यावरच जिवंत राहतात. लाल वायर चावीची, एसीसीवर (सेल्फच्या आधीच्या टप्प्यावर) चावी आली की तिच्यात करंट येतो आणि सेट जागा होतो. काळी अर्थिंगची. बाहेरून बसवलेल्या बहुतेक सेटमध्ये आवाजाचा सगळा जोर पण पिवळीतूनच ओढला जातो, लाल फक्त इशारा देते. यातून एक मोठी गोष्ट कळते, पिवळी पूर्ण मेली असती तर असा सेट चालूच झाला नसता. म्हणजे सेट मस्त वाजतोय पण विसरतोय याचा अर्थ पिवळीला करंट मिळतोय, फक्त चावी बंद केली की तो जातोय. कंपनीच्या जुन्या सेटचं वेगळं असतं, त्यातल्या बऱ्याच सेटला मेमरीची बारीक लाईन वेगळी असते, तिचा फ्यूज उडाला तरी सेट वाजत राहतो आणि विसरत राहतो.

आता हत्यार हातात घ्यायच्या आधी दोन-चार दिवस नुसतं लक्ष ठेवा की विसरतो कधी, कारण अर्धं निदान तिथेच होतं. चावी बंद केली की दर वेळी विसरत असेल तर लाल-पिवळी अदलाबदल झालीय किंवा फ्यूज गेलाय. स्पीडब्रेकरवर किंवा मानपूरच्या घाटात खड्ड्यात आपटल्यावर मधेच बंद होऊन परत चालू होत असेल आणि सगळं पुसलं जात असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे, बहुतेक काळी वायर नाहीतर बॅटरीचं टर्मिनल. रात्रभर सगळं ठीक, चावी एसीसीवर ठेवली तरी ठीक, पण सेल्फ मारला की गेलं, तर ती बॅटरी म्हातारी झालीय, स्टार्टर इतका करंट ओढतो की व्होल्टेज क्षणभर एकदम खाली जातं आणि सेटला वाटतं वायरच काढली. आणि कोणी चोरीच्या भीतीने बॅटरीला कटऑफ स्विच लावला असेल आणि रात्री तो बंद करत असाल तर सेटची काहीच चूक नाही, त्याचा कायमचा करंट तुम्हीच तोडताय.

फ्यूज आधी बघा, पाच मिनिटांचं काम आहे. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात ऑडिओ किंवा रेडिओ शोधाच पण रूम किंवा डोम लिहिलेला फ्यूज पण काढून बघा, कारण पुष्कळ गाड्यांत आतला दिवा आणि रेडिओची मेमरी एकाच फ्यूजवर असते, म्हणून दार उघडल्यावर आतला दिवा लागत नसेल तर आधी तिथेच जा. ह्युंदाईच्या काही गाड्यांत फ्यूज बॉक्समध्ये छोटा सरकता स्विच असतो, तो ऑफला राहिला तर घड्याळ आणि ऑडिओचा कायमचा करंट जातो, एवढंच बघून प्रश्न सुटू शकतो. उडालेला फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा टाका, 10 चा असेल तर 10 चाच, आणि परत उडाला तर मोठा टाकू नका, शॉर्ट शोधा.

फ्यूज ठीक असेल तर सेट बाहेर काढायचा. कंपनीचा सेट असेल तर त्याचा कोड आधी शोधून ठेवा, गाडीच्या पुस्तकात कार्डावर असतो, नाहीतर बॅटरी जोडल्यावर सेट कोड मागेल आणि चुकीचा टाकत राहिलात तर लॉक होईल. मग 10 नंबरच्या पान्याने बॅटरीचं मायनस काढा, सेट ओढून घ्या, उघड्या वायरवर टेप लावा आणि मोजण्यासाठी मायनस परत लावा. इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो, स्टिअरिंगखाली आणि डॅशमध्ये पिवळे कपलर (वायरींचे प्लग) दिसले तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना पिन मीटर काहीच लावायचं नाही. आपली पिवळी म्हणजे फक्त सेटच्या मागच्या सॉकेटला गेलेली.

मीटर (मल्टिमीटर) डीसी 20 व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॉडीच्या चांगल्या लोखंडावर, लाल पिन पिवळ्या वायरवर, चावी बाहेर. 12.4 ते 12.6 च्या आसपास यायला पाहिजे. मग लाल वायर, चावी बंद असताना शून्य आणि एसीसीवर 12. माझ्या गाडीत नेमकं उलटं होतं, पिवळी शून्य आणि लाल 12. म्हणजे दोन्ही अदलाबदल झालेल्या, कापून उलट्या जोडल्या की काम झालं. आयएसओ सॉकेट (सेटच्या मागचं ठरलेल्या नमुन्याचं सॉकेट) असेल तर काळ्या प्लगमध्ये 4 नंबर कायमचा, 7 नंबर चावीचा आणि 8 नंबर अर्थिंग असतो, पण फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत 4 आणि 7 उलटे येतात, म्हणून रंगावर किंवा नंबरवर भरवसा ठेवू नका, मीटर सांगेल तेच खरं. पुष्कळ हार्नेसमध्ये (सेटच्या वायरींच्या जुडग्यात) याचसाठी लाल-पिवळ्याला मधे छोटे गोल जोड दिलेले असतात, ते काढून उलटे लावायचे, कापायची पण गरज नाही.

दोन्हीकडे चावी बंद असताना शून्य असेल तर गाडीच्या सॉकेटमध्ये कायमचा करंट येतच नाहीये. तेव्हा बॅटरीच्या प्लसपासून 2.5 स्क्वेअर एमएमची वायर आणा, बॅटरीपासून अर्ध्या फुटाच्या आत 15 अँपिअरचा फ्यूज घाला, आणि पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी बुश हवाच, नाहीतर पत्रा वायर कापतो आणि आग लागू शकते. हे सामान इंदुरात छोटी ग्वालटोलीत सगळं मिळतं. जोड नुसता पिळून टेप मारू नका, उन्हात टेपचा गोंद विरघळतो आणि महिन्याभरात जोड उघडा पडतो, सोल्डर करा किंवा थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबा आणि वर स्लीव (इन्सुलेशनची नळी) चढवा.

आणि लाल-पिवळी दोन्ही एकत्र करून कायमच्या करंटवर जोडायचा सोपा उपाय बरेच जण करून देतात, तो करू देऊ नका. मेमरीला काही मिलिअँपिअर पुरतात, 5 मिलिअँपिअर धरले तर 35 अँपिअर-अवरची बॅटरी हिशोबाने 7000 तास नेईल, पण सेट जागाच राहिला आणि एक अँपिअर ओढत बसला तर तीच बॅटरी 35 तासांत रिकामी, म्हणजे शनिवारी लावलेली गाडी सोमवारी सेल्फ घेणार नाही.

सेल्फ मारताना विसरणाऱ्यांनी मीटर थेट बॅटरीवर लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, 9.6 च्या खाली जात असेल तर आधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवून, घासून, घट्ट करून परत मोजा, तरी तेच असेल तर बॅटरी बदला.

सगळं झाल्यावर सेटमध्ये एरिया किंवा रीजन नावाची सेटिंग नक्की बघा. पूर्ण विसरलेला सेट कधीकधी अमेरिकेवर जाऊन बसतो, तिथे एफएम 0.2 च्या टप्प्याने सरकतं, 101.5 नंतर थेट 101.7, मग विविध भारती कसं सापडणार? एएमचं पण तसंच, आपल्याकडे 9 चा टप्पा, आकाशवाणी इंदूरचं 648 त्यात बरोबर बसतं, अमेरिकेच्या 10 च्या टप्प्यात 640 नंतर 650. युरोप किंवा एशिया निवडा, स्टेशन सेव्ह करा, चावी काढून अर्धा तास गाडी तशीच ठेवा, मग सेल्फ मारून घड्याळ बघा. आमचं घड्याळ त्या दिवशी बरोबर निघालं आणि आईने एक नंबरचं बटण दाबलं तर 101.6 लागलं.