मॉड्युल जोडले की ऑन्टॉलॉजी लाल होते, तेव्हा काय करायचं

समजा नागपुरी संत्र्याची ऑन्टॉलॉजी (विषयातल्या गोष्टी अन् त्यांचे नियम संगणकाला कळतील असे लिहिलेले) दोन मॉड्युलमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या फायलींत आहे, एक बागेचं, एक नागपूरच्या कळमना मार्केटचं. बागवाल्यानं लिहिलंय की बागेचा बहार (फळांचा हंगाम) एकच (प्रॉपर्टी फंक्शनल, म्हणजे एकच व्हॅल्यू) आणि अंबिया न् मृग हे दोन बहार डिसजॉइंट, म्हणजे एकच बहार दोन्ही असू शकत नाही. मार्केटवाल्यानं 'दोनबहारी बाग' असा क्लास (गोष्टींचा प्रकार) केलाय, काऊन की काही जण अर्ध्या झाडांवर अंबिया अन् अर्ध्यांवर मृग घेतात. वेगवेगळं चालवलं तर रीझनर (नियमांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) चूप, एकात दुसरं इम्पोर्ट केलं की भांडण.

पहिले बघा बिघडलंय किती. प्रोटेजेमध्ये (ऑन्टॉलॉजी लिहायचा प्रोग्राम) क्लास लाल होऊन 'नथिंग' या कायम रिकाम्या क्लासखाली गेला तर फक्त तो क्लास रिकामा, बाकीचं चालतं. पण त्यात एक जरी बाग इंडिव्हिज्युअल (प्रत्यक्ष एक वस्तू) म्हणून टाकली की अख्खी ऑन्टॉलॉजी इनकन्सिस्टंट, म्हणजे स्वतःशीच विसंगत, मग तिच्यातून काहीही सिद्ध होतं, आंबा म्हणजे संत्रा हेसुद्धा. तेव्हा इंडिव्हिज्युअल बाजूला काढून नुसते क्लास चालवा, बहुतेक वेळा लाल कोण ते दिसतं. मग प्रश्नचिन्हावर क्लिक करून एक्स्प्लनेशन वाचा, नेमके कोणते अ‍ॅक्सिअम (लिहिलेली विधानं) भिडतात ते तिथं आहे. एक्स्प्लनेशन दोन-तीन असले तर प्रत्येकातलं किमान एक हलवावं लागतं. अन् हे हर्मिट या रीझनरवर करा, ईएलके या रीझनरवर नको, तो ज्या ईएल प्रोफाइलवर (ऑन्टॉलॉजीच्या ओडब्ल्यूएल भाषेचा मर्यादित भाग) चालतो त्यात फंक्शनल ऑब्जेक्ट प्रॉपर्टी (वस्तूला वस्तूशी जोडणारी) बसतच नाही.

आता मोह होतो डिसजॉइंट उडवायचा. लाल जातं पण, आणि इथंच घात आहे भाऊ! फंक्शनल प्रॉपर्टीला दोन व्हॅल्यू दिसल्या तर रीझनर चूक म्हणत नाही, दोन्ही एकच वस्तू असतील असं धरून पुढं जातो, म्हणजे अंबिया आणि मृग गुपचूप एक होतात अन् कोणाला पत्ताही लागत नाही.

दुसरा मोह, तिसरं पॅच मॉड्युल करून 'या बागांना नियम लागू नाही' असं लिहायचा. ओडब्ल्यूएलमध्ये ते जमत नाही, नवीन अ‍ॅक्सिअम टाकून जुना रद्द होत नसतो, कुठून तरी काढावाच लागतो. म्हणून ज्याचं मॉड्युल आहे त्याच्याशीच बोला आणि नियम उडवण्यापेक्षा योग्य जागी न्या. इथं बहार बागेला नाही, बागेतल्या तुकड्याला द्यायचा, एका तुकड्याला एकच बहार, बागेला तुकडे कितीही. मार्केटवाल्याचा क्लासही मग तुकड्यांवरून लिहायचा, नाहीतर तो जुन्याच प्रॉपर्टीला लटकून राहील.

इम्पोर्ट करताना व्हर्जन आयआरआय (त्या ठराविक आवृत्तीचा पत्ता) द्या, नाहीतर समोरच्यानं काल काय बदललं ते आज तुमच्याकडं लाल होऊन येते. इम्पोर्टमागं इम्पोर्ट असतात तेही बघून घ्या.