पावसाळ्याआधी स्विचच्या नोंदी दुसऱ्या सर्व्हरवर पाठवा

नेटवर्कचा स्विच (कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणारं यंत्र) आपल्या अलार्मच्या नोंदी रॅममध्ये ठेवतो. वीज गेली की नोंदीही गेल्या. गोव्यात जूनच्या पहिल्या गडगडाटात स्विच बंद पडतो आणि त्याआधी काय घडलं ते सांगणारी ओळही पुसली जाते. समजा, सिसलॉग सर्व्हर, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या नोंदी गोळा करणारा संगणक, पणजीत आहे (यूपीएसवरच हवा) आणि म्हापसा, वेर्णा इथल्या शाखांत सिस्को आयओएस (सिस्कोच्या यंत्रांची कार्यप्रणाली) असलेले स्विच-राउटर आहेत. कमांड खाली उच्चाराप्रमाणे दिल्यात, टाइप इंग्रजीतच करायच्या.

आधी घड्याळ. ‘क्लॉक टाइमझोन आयएसटी 5 30’, ‘एनटीपी सर्व्हर’ व त्याचा पत्ता (हा नेटवर्कवरून अचूक वेळ देतो), मग ‘सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम एमसेक लोकलटाइम’. शेवटचा शब्द विसरलात तर वेळ साडेपाच तास मागे दिसते.

आता ‘लॉगिंग होस्ट 10.10.5.20’ (हा पणजीच्या सर्व्हरचा पत्ता धरलाय) आणि ‘लॉगिंग सोर्स-इंटरफेस लूपबॅक0’. लूपबॅक म्हणजे यंत्रातला, कुठल्याही केबलवर न अवलंबणारा काल्पनिक पोर्ट; तो आधी तयार हवा. नोंदी कुठल्या पत्त्यावरून निघाव्यात तो सोर्स ठरवला नाही, तर मार्ग बदलताच तोच राउटर सर्व्हरवर वेगळ्या पत्त्याने उगवतो.

खरी गफलत पातळीत होते. पातळ्या 0 ते 7, आकडा लहान तितका प्रसंग गंभीर. ‘लॉगिंग ट्रॅप वॉर्निंग्ज’ म्हणजे 0 ते 4. ऐकायला पुरेसं वाटतं, पण स्विच रीस्टार्ट झाला, कुणी कॉन्फिगरेशन बदललं, ओएसपीएफचा (राउटर आपसांत मार्ग ठरवतात ती पद्धत) शेजारी राउटर तुटला, या सगळ्या नोंदी 5 च्या. म्हणून ‘लॉगिंग ट्रॅप नोटिफिकेशन्स’ द्या. 7 (डीबग, म्हणजे बारीकसारीक सगळं) मात्र कायम ठेवू नका. कामाची ओळ कचऱ्यात बुडते. शेवटी कॉन्फिगरेशन जतन करायला ‘राइट मेमरी’.

सर्व्हरवर आरसिसलॉगमध्ये (नोंदी स्वीकारून फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्राम) ‘आयएमयूडीपी’ मॉड्यूल चालू करून यूडीपीचा 514 क्रमांकाचा पोर्ट ऐकायला लावा, फायरवॉलमध्येही तो उघडा. चाचणीसाठी रिकाम्या पोर्टला लॅपटॉप जोडून केबल उपटा: 3 च्या पातळीची ‘लिंक अपडाउन’ ओळ यायला हवी. नाही आली तर सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा. पॅकेट तिथे दिसतंय पण फाइलमध्ये नाही, तर दोष सर्व्हरच्या फायरवॉलचा किंवा आरसिसलॉगचा. पॅकेटच दिसत नसेल तर स्विचचं कॉन्फिगरेशन आणि वाटेतला मार्ग तपासा.

यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीत पोचपावती नसते. म्हापशाची लाइन तुटली तर ती तुटल्याची बातमी त्याच लाइनवरून पणजीला कशी येणार? त्यासाठी स्विचवर ‘लॉगिंग बफर्ड 64000’ (स्विचच्याच रॅममध्ये नोंदींसाठी 64000 बाइट) ठेवाच. लाइन जोडल्यावर ‘शो लॉगिंग’मध्ये मधला काळ सापडतो, अर्थात तेवढ्यात तिथली वीज गेली नसेल तर.